नवीन आर८ घ्यावा की रिफर्बिश्ड आर६? लग्नाची कामं, नाशिक

पाथर्डी_फाटा

नमस्कार मंडळी. कॅमेरा बदलायचाय आणि दोन पर्यायांत अडकलोय. सध्या कॅनन २००डी मार्क टू, सोबत १८-५५ आणि ईएफ ५० एमएम एफ/१.८. इथल्याच एका स्टुडिओबरोबर लग्नात दुसरा फोटोग्राफर म्हणून जातो. तुळशीच्या लग्नानंतर स्वतःच्या नावावर कामं घ्यायची आहेत, शिवाय २०२७ चा सिंहस्थ आहेच.

पर्याय एक, नवीन कॅनन आर८, फक्त बॉडी, नाशिकमध्येच, पक्क्या बिलासह १,१८,०००. पर्याय दोन, मुंबईत फोर्टातल्या एका दुकानात रिफर्बिश्ड आर६, बॉडी ९२,०००, दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोंत बॉडी चकाचक दिसते. शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडलंय तो आकडा) विचारला तर ‘लो आहे, काळजी करू नका’ एवढंच उत्तर. लेन्ससकट सगळं मिळून बजेट १,४०,०००.

२६ हजार वाचवायला रिफर्बिश्ड घेणं कितपत बरोबर? आणि घ्यायचाच तर दुकानात उभं राहून काय तपासायचं? लॅपटॉप आहे, थोडंफार समजतं. ‘नवीनच घ्या, डोक्याला ताप नको’ असं मत असेल तर तेही चालेल, पण कारण सांगा.

स्क्रूड्रायव्हर

आधी ‘रिफर्बिश्ड’ या पाटीबद्दल. अमेरिकेत कॅनन, निकॉन स्वतः परत आलेला माल तपासून या नावाने विकतात, म्हणजे तो कंपनीच्या टेबलावरून गेलेला असतो. आपल्याकडे दुकानदार हा शब्द वापरतो तेव्हा बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं: जुना कॅमेरा घेतला, पुसला, सेन्सर साफ केला, ग्रिपचं रबर सुटलं होतं ते नवं चिकटवलं आणि खोक्यात घातला. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की नेमकं काय बदललं, कुणी बदललं आणि त्याचं जॉबशीट आहे का. नवंकोरं रबर बघून खूश होऊ नका. रबर घामाने आणि सततच्या पकडीने फुगतं. ते बदलावं लागलं, याचा अर्थ बॉडी भरपूर राबली आहे.

‘शटर लो आहे’ हे उत्तरच नाही. निकॉन प्रत्येक फोटोच्या माहितीत आकडा लिहितो, कॅननच्या बहुतेक बॉडी लिहीत नाहीत. आर६ ला यूएसबी केबल लावून लॅपटॉपवरच्या किंवा फोनवरच्या विकतच्या अॅपमधून आकडा काढावा लागतो, नाहीतर सर्व्हिस सेंटरमधून. थोडे पैसे जातात, पण लाखाच्या व्यवहारात ते बघू नका. फाइलचा नंबर दाखवून कुणी ‘बघा, चारच हजार’ म्हणालं तर सोडून द्या. तो नंबर ९९९९ नंतर परत १ पासून सुरू होतो आणि मेनूतून केव्हाही रीसेट करता येतो.

आर६ चं शटर कॅननने ३,००,००० क्लिकना रेट केलंय. हिशेब करून बघा: एका लग्नात साडेतीन हजार क्लिक, वर्षाला ४० लग्नं, म्हणजे वर्षाचे १,४०,०००. आर६ बाजारात आला २०२० मध्ये. स्टुडिओत राबलेली बॉडी असेल तर ‘लो’ कुठून येणार? एक मेख अजून आहे. इलेक्ट्रॉनिक शटरवर काढलेले फोटो आणि व्हिडिओ या आकड्यात येत नाहीत. त्यामुळे कमी काउंटची बॉडी तासन्‌तास व्हिडिओवर चाललेली असू शकते. ते ओळखायचं पोर्टवरून. मायक्रो एचडीएमआयचं भोक जवळून बघा: आतली जीभ वाकडी, कडा घासून चमकलेल्या, केबल लावली की डुलते, असं असेल तर बॉडी गिंबलवर (व्हिडिओ स्थिर ठेवणाऱ्या दांड्यावर) किंवा मॉनिटरला जोडून वापरलेली आहे. तळाचा ट्रायपॉडचा आटाही तेच सांगतो.

आता तपासणी. सोबत न्या: स्वतःची दोन कार्डं, लॅपटॉप, ५० एमएम लेन्स, छोटा टॉर्च, हेडफोन आणि मायक्रो एचडीएमआय केबल. ईएफ लेन्स आर६ वर लावायला अॅडॉप्टर लागेल, तो दुकानात असतो, आधी फोन करून विचारून ठेवा. आणि दिवसाउजेडी जा. हे वेळेसाठी सांगत नाही. दुकानातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोत पट्टे पडतात. तो दोष दिव्याचा आहे की शटरचा हे मग कळत नाही. शटरची चाचणी फुटपाथवर, दिवसाच्या उजेडात करायची.

ती अशी. मेनूत शटर मोड ‘मेकॅनिकल’ करा, नाहीतर तुम्ही दुसरंच काहीतरी तपासत बसाल. सावलीतली साधी भिंत, मॅन्युअल मोड, १/६० पासून १/८००० पर्यंत एकेक स्टॉपने वर जा, प्रत्येक वेळी आयएसओ किंवा अॅपर्चर बदलून उजेड सारखा ठेवा. सगळे फोटो एकसारखे दिसायला हवेत. १/२००० च्या वर फ्रेमची एक कड काळवंडत असेल किंवा आडवी गडद पट्टी येत असेल तर शटरचे दोन पडदे एका वेगाने धावत नाहीत, म्हणजे झिजलेत. नंतर सेकंदाला १२ फ्रेमच्या वेगाने दोन-तीन लांब बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) मारा. आवाज एकसारखा टकटकता हवा, मध्येच अडखळला तर शंका घ्या.

सेन्सरचे दोन फोटो पुरेत. पहिला: आयएसओ १००, एफ/२२, फोकस मॅन्युअलवर टाकून मुद्दाम बिघडवलेला, आकाश किंवा लॅपटॉपवरचं पांढरं पान, एक्स्पोजर +१. कॅमेरा हलला तरी चालेल, उलट हललेलाच बरा, म्हणजे पानाचे पिक्सेल दिसणार नाहीत. मग लॅपटॉपवर १०० टक्क्यांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत बघा. करडे, मऊ कडांचे ठिपके म्हणजे धूळ, ती जाते. दुसरा: बॉडी कॅप लावून आयएसओ १६००, ३० सेकंद, नॉइज रिडक्शन बंद. इथे दोन-चार रंगीत ठिपके चालतात. पण ठिपक्यांची रांग, किंवा वरपासून खालपर्यंत एक बारीक रंगीत रेघ दिसली तर तो कॅमेरा तिथेच ठेवून या. संगीत आणि मिरवणुकीतल्या लेझरने सेन्सर असाच भाजतो. धूळ आणि हे, दोन्ही वेगळं ओळखायची खूण सोपी आहे. धूळ सेन्सरच्या वरच्या काचेवर बसते, म्हणून एफ/२२ ला तिची सावली गडद पडते आणि एफ/२ ला विरून जाते. लेझरचा डाग थेट पिक्सेलमध्ये असतो, अॅपर्चर काहीही ठेवा, तो तिथेच. काही वेळा दुकानदार एफ/४ वर काढलेला फोटो दाखवून ‘सेन्सर क्लीन’ म्हणतात. त्यात धूळ दिसणारच नाही.

बॉडी बंद करून हलवल्यावर आत काहीतरी सैल हलल्यासारखं वाटेल, घाबरू नका. आर६ मध्ये सेन्सर तरंगता असतो आणि बंद असताना तो मोकळाच राहतो. चालू केल्यावर मात्र शांत व्हायला हवा. कॅमेरा टेबलावर स्थिर ठेवून मिनिटभर व्हिडिओ घ्या. फ्रेम आपोआप सरकली किंवा दचकली तर स्टॅबिलायझरमध्ये घोळ आहे.

स्क्रीन उघडून हळूहळू पूर्ण फिरवा, प्रत्येक कोनात थांबा. बिजागरातली पट्टी झिजली असेल तर ठरावीक कोनाला चित्र लुकलुकतं. दोन्ही स्लॉटमध्ये तुमचं कार्ड घाला, फॉरमॅट करा, दोन्हींवर एकदम फोटो लिहायची सेटिंग लावून ५० फोटो काढा, कार्डं बाहेर काढून लॅपटॉपवर मोजा. हॉट शूवर फ्लॅश चढवून दहा फायर. माइक आणि हेडफोनच्या जॅकमध्ये प्लग फिरवून खरखर येते का ऐका. बॅटरी कप्पा आणि पोर्टची रबरी झाकणं टॉर्चने बघा: हिरवट किंवा पांढरी पूड म्हणजे पाणी आत गेलं होतं. हॉट शूच्या खाचेत आणि डायलच्या खाली गुलाबी कण दिसले तर गुलाल. तो वरून पुसला जातो, पण डायलच्या आत शिरलेला कण पुढे डायल अडकवतो. नाशिकमध्ये कुणाकडून थेट जुना घेणार असाल तर हे आवर्जून बघा. रंगपंचमीला रहाडीच्या (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदाच्या) काठावर उभे राहिलेले कॅमेरे इथे कमी नाहीत.

शेवटी स्क्रू. तळाच्या आणि बाजूच्या स्क्रूंच्या डोक्यावरचा काळा रंग उडून धातू चमकत असेल तर बॉडी उघडलेली आहे. उघडली हा गुन्हा नाही, पण मग काय केलं ते कागदावर हवं. उघडलेल्या बॉडीचं धूळ-पाणी अडवणारं सील परत नीट बसलंय याची खात्री बाहेरून करता येत नाही. पावसात काम असेल तर हा मुद्दा शटरपेक्षा मोठा.

हिशेबनीस

वरचं सगळं बरोबर, पण २६ हजारांचा फरक खरा आहे का ते आधी ठरवा. तुमची जीएसटी नोंदणी आहे का?

असेल तर १,१८,००० च्या बिलात मूळ किंमत १,००,००० आणि १८ टक्क्यांनी कर १८,०००. पूर्वी कॅमेऱ्यावर २८ टक्के होता, १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला. बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल तर हे १८,००० इनपुट क्रेडिटमध्ये मिळतात, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतात, आणि आर८ तुम्हाला लाखाला पडतो. जुन्या मालाचा व्यापारी बहुधा मार्जिन पद्धतीने कर भरतो, म्हणजे त्याने घेतलेली आणि विकलेली किंमत यांतल्या फरकावर. अशा बिलावर तुमच्यासाठी ९२,००० वरचं १८ टक्क्यांचं क्रेडिट नसतं. मग फरक उरतो ८,००० चा. आठ हजारांसाठी वापरलेली बॉडी आणि दुकानाची वॉरंटी घ्यायची का, हा वेगळाच प्रश्न झाला, आणि माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

नोंदणी नसेल, सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल, तर हे सगळं विसरा, फरक २६ हजारांचाच. आणि नोंदणी असलेल्यांनी एक लक्षात ठेवा: कराच्या रकमेवर घसारा घेतलात तर त्याच रकमेचं क्रेडिट मिळत नाही. दोन्ही ताटात जेवता येत नाही.

बिल. रिफर्बिश्ड असो की नवा, बिलावर बॉडीचा सीरियल नंबर छापलेला हवा. हाताने मागे लिहिलेला चालत नाही. तो नंबर तीन ठिकाणी जुळवा: तळावरचं स्टिकर, बिल आणि त्याच बॉडीने काढलेल्या फोटोची एक्झिफ माहिती (कॅमेरा फाइलमध्ये आपोआप लिहितो ती). स्टिकर बदलता येतं, एक्झिफमधला नंबर बॉडीच्या आतून येतो. पहिल्या मालकाच्या बिलाची झेरॉक्सही मागा. फोनसारखी चोरीचा कॅमेरा शोधून बंद करायची सरकारी सोय कॅमेऱ्याला नाही, त्यामुळे बिल हाच तुमचा पुरावा. चोरीचा माल माहीत असून किंवा तसं मानायला जागा असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. ‘बिल नाही म्हणून पाच हजार कमी’ हे आमिष त्याच वाटेने जातं.

आणि ‘सहा महिने वॉरंटी’ म्हणजे काय ते लिहून घ्या. शटर, सेन्सर आणि पोर्ट त्यात आहेत की नाहीत? दुरुस्ती कुठे होणार, स्वतःच्या टेबलावर की अधिकृत सर्व्हिस सेंटरला? नाशिकहून पाठवायचा कुरिअर खर्च कुणाचा? दुरुस्त होत नसेल तर पैसे परत की दुकानात जमा? बऱ्याच ठिकाणी ‘चेकिंग वॉरंटी’ फक्त सात दिवसांची असते आणि बाकीच्या महिन्यांत मजुरी माफ, पार्टचे पैसे तुमचे. हे चार मुद्दे बिलाच्या मागे दुकानाच्या शिक्क्यासह आले तर वॉरंटी आहे, नाहीतर गप्पा आहेत. जमलं तर क्रेडिट कार्डाने द्या. वाद झाला तर बँकेकडे व्यवहाराला हरकत घेता येते, यूपीआयने गेलेले पैसे परत आणणं फार जिकिरीचं.

मधमेश्वर

हिशेबनीसांच्या आकडेमोडीला हरकत नाही, पण आर६ आणि आर८ हे एकाच वस्तूचे जुनं आणि नवं असे दोन प्रकार नाहीत. दोन वेगळे कॅमेरे आहेत, आणि ते वेगळेपण लग्नाच्या कामात टोचतं.

आर८ चा सेन्सर नवीन, २४ मेगापिक्सेल, फोकस जास्त हुशार, फोर-के ६० पूर्ण रुंदीत. वजन बॅटरी-कार्डासकट ४६१ ग्रॅम. व्हिडिओसाठी मी डोळे मिटून आर८ म्हणेन, कारण आर६ फोर-केवर तापून बंद पडतो. कॅननने २३ अंश तापमानाला फोर-के ३० साठी साधारण ४० मिनिटं सांगितली आहेत. एप्रिल-मेच्या आपल्या दुपारी मंडपात किती, ते तुम्हीच ठरवा. पण आर८ ला कार्ड स्लॉट एकच, बॉडीत स्टॅबिलायझर नाही, जॉयस्टिक नाही, आणि बॅटरी तुमच्या २००डी मार्क टूचीच एलपी-ई१७, म्हणजे १०४० एमएएच. आर६ च्या एलपी-ई६एनएचमध्ये २१३० एमएएच आहेत. सकाळच्या हळदीपासून पाठवणीपर्यंत आर८ चालवायचा तर खिशात चार-पाच बॅटऱ्या ठेवाव्या लागतील. तुमची एक आहेच, तेवढा फायदा.

स्टॅबिलायझरचं कौतुक मात्र जास्त होतं. हाताची थरथर तो सावरतो, नवरीचा हात हलला तर तो काही करू शकत नाही. हार घालताना १/१६० च्या खाली जायचंच नाही, मग बॉडीत काहीही असो. माझा जोर दुसऱ्या स्लॉटवर आहे. कार्ड मरतं तेव्हा आधी सांगून मरत नाही, आणि सप्तपदी परत घेता येत नाही. स्वतःच्या नावावर पैसे घेऊन लग्न करायचं तर एका कार्डावर करू नये, हे माझं ठाम मत. फक्त लक्षात ठेवा, दोन्हींवर एकदम लिहिताना वेग हळू कार्डाचा मिळतो. एक यूएचएस-टू (वेगवान प्रकारचं) आणि दुसरं कपाटातलं जुनं, असं घातलं तर बर्स्टनंतर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) रिकामा व्हायची वाट बघत बसाल.

आणि तुमची १८-५५. ती ईएफ-एस आहे, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची, त्यामुळे दोन्ही बॉडींवर सेन्सरचा मधला तुकडाच वापरला जातो. आर६ वर जेमतेम पावणेआठ मेगापिक्सेल, आर८ वर नऊ-साडेनऊ. अल्बमच्या पूर्ण पानाला हे अपुरं. म्हणजे लेन्स घ्यावीच लागणार. १,४०,००० मधून आर८ घेतला की हातात २२,००० उरतात, आर६ घेतला की ४८,०००. खरा निर्णय इथे आहे. चांगल्या बॉडीवर सुमार लेन्सपेक्षा जुन्या बॉडीवर चांगली लेन्स, हे लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्या तासात कळतं.

सिंहस्थाचं म्हणाल तर अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. त्र्यंबकेश्वरला तेव्हा पाऊस धो धो. दोन्ही बॉडी धूळ आणि शिंतोडे सोसतात, सरी सोसत नाहीत. रेनकव्हर कुठल्याही बॉडीला लागेलच. कंपनीच्या नव्या वॉरंटीचा इथे आधार मानू नका, पाणी आणि बुरशी सहसा त्यातही बसत नाहीत. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, काचेवर वाफ धरते. बॅगेची चेन बंद ठेवून २०-३० मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. पावसाळ्यात घरी ठेवताना हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. ६५ च्या वर आठवडे गेले की लेन्समध्ये बुरशी धरते, आणि ती काचेवरचं कोटिंग खाते. साफ केली तरी ओरखड्यासारखा माग उरतो.

पाथर्डी_फाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. जीएसटी नोंदणी नाही, उलाढाल २० लाखांच्या जवळपासही नाही. व्हिडिओ मी करत नाही, त्यासाठी वेगळा माणूस असतो.

दुकानदाराच्या मागे लागल्यावर त्याने अॅपचा स्क्रीनशॉट पाठवला: १,८६,०००. वर म्हणतो, ‘तीन लाखांचं शटर आहे, अजून निम्मं आयुष्य बाकी.’ त्याच दुकानात जुनी ईएफ २४-१०५ एफ/४ एल, पहिली आवृत्ती, २७,००० ला आहे. ती बघू का? आणि १,८६,००० ला ९२,००० जास्त होतात का?

स्क्रूड्रायव्हर

१,८६,००० म्हणजे ६२ टक्के गेलं. निम्मं बाकी नाही, १,१४,००० बाकी. वर्षाला २५ लग्नं धरली तर साडेतीन हजारांनी ८७,५००, म्हणजे रेटिंग सव्वा वर्षात गाठाल. रेटिंग ही मुदत नव्हे. त्यापुढे वर्षानुवर्षं चालणारी शटरं असतात आणि आधीच मान टाकणारीही. पण भाव ठरवताना तुमच्या हातात तोच आकडा आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून आर६ चं शटर बदलायचा अंदाज लेखी मागवा, पार्ट, मजुरी आणि कर धरून. त्याच्या ६० टक्के रक्कम ९२,००० मधून कमी करा आणि तिथून बोलणी सुरू करा. दुकानदार तयार नसेल तर शटर वॉरंटीत लेखी घ्या. दोन्हीला नकार असेल तर दुसरी बॉडी शोधा, आर६ बाजारात भरपूर आहेत. स्क्रीनशॉटवर सीरियल नंबर दिसतोय का बघा. नसेल तर तो कुठल्याही आर६ चा असू शकतो. तुमच्यासमोर परत काढायला लावा.

२४-१०५ चांगली निवड आहे, आतमध्ये स्टॅबिलायझर आहे, पण पहिल्या आवृत्तीचा एक ठरलेला आजार आहे. अॅपर्चर चालवणारी पातळ पट्टी प्रत्येक झूमबरोबर वाकते आणि शेवटी तिला तडा जातो. मग एफ/४ ला लेन्स उत्तम चालते आणि अॅपर्चर लहान केलं की ‘एरर ०१’. दुकानात एफ/४ वरच दोन फोटो काढून दाखवतात, म्हणून कळत नाही. तुम्ही एफ/८ लावा, २४ वर दहा फोटो, ३५, ५०, ७० आणि १०५ वर दहा-दहा, मग झूम फिरवता फिरवता अजून काही. तसंच एफ/१६ ला. एकदाही एरर आली किंवा एखादा फोटो अचानक उजळ आला तर नको. ‘कॉन्टॅक्ट पुसला की जाते’ म्हणतील. पट्टीचा तडा पुसून जात नाही.

बुरशीसाठी लेन्स बॉडीवरून काढा, ईएफ लेन्सचं अॅपर्चर तेव्हा पूर्ण उघडं असतं. मागून टॉर्च तिरका धरा, समोरून बघा, मग उलट. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे दुधी पडदा म्हणजे धुरकटपणा, हा जास्त वाईट, समोर दिवा आला की फोटो पांढुरका होतो. दहा-वीस धुळीचे कण असले तर सोडून द्या, फोटोत येत नाहीत. नंतर एफ/४ वर विटांची किंवा फरशीची भिंत समोरून सरळ धरून २४ आणि १०५ वर काढा आणि चारही कोपरे ताडून बघा. सगळे सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा फुटलेला असेल तर लेन्स पडलेली आहे, आतली काच सरकली आहे.

अॅडॉप्टर कॅननचाच घ्या, त्याला पाणी अडवणारं सील आहे. स्वस्त अॅडॉप्टर पावसात तिथूनच पाणी पितो.

हिशेबनीस

नोंदणी नसल्याने माझं उत्तर बदललं. ९२ खाली येऊन ८५ च्या आसपास बसत असेल तर आर६ घ्या. ९२ वरच अडला तर मधमेश्वर काहीही म्हणोत, नवीन आर८ आणि पुढच्या हंगामात लेन्स, हा रस्ता कमी धोक्याचा.

अजून एक. घाई नसती तर जून-जुलैपर्यंत थांबा म्हटलं असतं. लग्नसराई ओसरली की स्टुडिओवाले बॉडी बदलतात आणि जुन्या विकायला काढतात, भाव तेव्हा नरम असतात. ऑनलाइन जाहिरातींतून ‘बदली झाली, सामान विकायचंय, कुरिअरने पाठवतो, आधी थोडे पैसे टाका’ असा मेसेज आला तर नंबर ब्लॉक करा. तो कॅमेरा अस्तित्वातच नसतो.

मधमेश्वर

८५ ला आर६ म्हणजे आपलं एकमत झालं की! उरलेल्या पैशांत अॅडॉप्टर, सारखीच दोन यूएचएस-टू कार्डं आणि एक जादा अस्सल बॅटरी बसवा. दुकानातून मिळणारी बॅटरी मेनूत बॅटरी इन्फोमध्ये बघा: रिचार्ज परफॉर्मन्सचे तीनही हिरवे चौकोन हवेत. एकच लाल उरला असेल तर ती बॅटरी संपलेली आहे, तिचे पैसे कापून घ्या. बाहेरच्या कंपनीची असेल तर हे आकडे धड दिसणारही नाहीत.

पाथर्डी_फाटा

ठरलं. सर्व्हिस सेंटरला शटरच्या अंदाजासाठी मेल टाकलाय. दुकानदार ८८ वर आलाय, शटर वॉरंटीत लिहून द्यायला ‘बघू’ म्हणतो. रविवारी पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन येईन म्हणतो.

स्क्रूड्रायव्हर

रविवारी फोर्टातली बरीच दुकानं बंद असतात, मधल्या वारी जा. तपासणीला दीड-दोन तास लागतील हे आधीच फोनवर सांगा. कुरकुर केली तर तिथेच समजा. आणि ‘बघू’ वर टोकन पाठवू नका. वॉरंटीची ती ओळ आधी व्हॉट्सअॅपवर लेखी मागा, दुकानात गेल्यावर तीच बिलावर उतरवून घ्या.